चुलीवर वाळलेली पाठपिशवी

पाठीवरची पिशवी कशी पारखून घ्यावी यावर मी अजूनही तासभर बोलू शकतो. आता कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर मी विषय बदलतो. पण एके काळी या बाबतीत मला मोठा तोरा होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

स्वातंत्र्याला तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती. मी मुळशी भागात देवी टोचायचं सरकारी काम करत असे. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, लोक मात्र मला देवीडॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. भूगावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, सातवीची परीक्षा पास झालेला आणि थोडं शिकवून हातात टोचणी दिलेला, एवढीच माझी विद्या. पौडच्या दवाखान्यातून लस घ्यायची आणि धरणाच्या पाण्याभोवतीच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन पोरांच्या दंडावर ती टोचायची. आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं, टोचलेलं उठलं की नाही. फोड आला की काम फत्ते. नाही आला तर लस फुकट गेली, पुन्हा टोचा.

या कामासाठी सरकारने एक लाकडी पेटी दिली होती. वर पितळी कडी, कोपऱ्यांना पत्रा, दिसायला मोठी रुबाबदार. पण ज्याने कुणी ती ठरवली तो भाताच्या बांधावरून कधी चालला नसावा. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ती. पावसाळ्यात आमच्याकडचा बांध साबण लावल्यासारखा होतो. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात छत्री, मग पाय घसरला तर धरायचं कशाने? पहिल्याच वर्षी मी पेटीसकट खाचरात बसलो. लावणी करणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि माझी टोचणी शोधायला त्यांनाच चिखलात हात घालावे लागले. त्या दिवशी ठरवलं, की ओझं पाठीवर पाहिजे आणि दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

पुण्याच्या जुन्या बाजारात तेव्हा लढाईतलं उरलंसुरलं लष्करी सामान विकायला येई. बूट, पाण्याच्या बाटल्या, मच्छरदाण्या, आणि ढिगाने पाठपिशव्या. विकणारा त्यांना पिट्टू म्हणायचा. त्याने आधी मला एक कोरी करकरीत पिशवी दाखवली. मी ती उलटी केली आणि आतली शिवण बघितली. दोरा बारीक, टाका लांब. ठेवून दिली. दुसरीला आतून रबर लावलेलं होतं. ते उन्हाने चिकट होऊन एकमेकांना धरत होतं. तीही ठेवली. मग ढिगाच्या तळातून मी स्वतः एक ओढून काढली. रंग उडालेली, एका बाजूला शाईचा डाग, पण कापड घोंगडीसारखं जाड. उन्हाकडे धरून बघितली, कुठे टाचणीएवढाही उजेड येत नव्हता. तळाला दुहेरी शिवण, पितळी बक्कलं, आणि रुंद चामडी पट्टे. पट्टा नाकाशी नेला तर अजून चामड्याचाच वास येत होता, कुजका नव्हे. आतल्या झाकणावर कुणाचं तरी नाव होतं, ते पात्याने खरवडून काढलं होतं.

"कुणाची होती ही?" मी विचारलं.

"आता तुमची," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पौडच्या मोच्याकडून मी तळाला मेणाच्या दोऱ्याचा आणखी एक टाका घालून घेतला. म्हातारा मोची कमी बोलायचा. पिशवी हातात फिरवून त्याने पसंतीची मान हलवली, आणि परत देताना म्हणाला, "तेल पाजा, मेण लावा, सावलीत वाळवा. लई वर्सं जाईल. पर चुलीचा इस्तू दाखवू नका. कातडं मेलेल्या जनावराचं असलं तरी भाजतंच की."

हे मी मंत्रासारखं पाळलं. दर रविवारी भूगावच्या घरी पडवीत बसून पिशवी आधी कोरडी झटकायची, शिवणीतला चिखल काथ्याने काढायचा. मग पोळ्याचं मेण उन्हात मऊ करून कापडावर घासायचं. पट्ट्यांना बोटाने तेल. बक्कलं चिंचेने घासायची. पावसाळ्यात रिकामी असली तर आत कडुनिंबाचा पाला. आई म्हणायची, "इतकं बायकोचं करशील तर बरं." दवाखान्यातले सोबती म्हणत, हा लष्करातून पळून आलेला आहे. म्हणोत बापडे. त्यांच्या पेट्यांच्या कड्या गंजल्या होत्या आणि माझ्या पिशवीत पाण्याचा थेंब जात नव्हता.

भरण्याचीही एक रीत होती. जड वस्तू वर, खांद्यालगत; म्हणजे चढावर पिशवी मागे ओढत नाही. कांबळं आणि भाकरी पाठीशी. आणि लस मात्र पाठीपासून सगळ्यांत लांब, बाहेरच्या बाजूच्या खिशात. लस म्हणजे केसाएवढ्या बारीक काचेच्या नळ्या. त्या एका पत्र्याच्या डबीत ठेवलेल्या. डबीभोवती ओलं फडकं, फडक्याभोवती केळीचं पान. लसीला ऊब सोसत नाही. माणसाच्या पाठीची ऊबही नको, म्हणून बाहेरचा खिसा, जिथे वारा लागेल. आणि मुक्कामाला पोचलं की जेवणाआधी, पाय धुवायच्याही आधी, डबी काढून घरातल्या पाण्याच्या हंड्यांजवळ ठेवायची, ओल्या गार जागी. हा नियम मला कुणी मोठ्याने शिकवला नव्हता. माझा मीच केला होता, आणि तीन वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

एकदा मोडला, तेच सांगायचं आहे.

धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. आधीचं गाव पाण्याखाली गेल्यावर लोकांनी वर येऊन घरं बांधली होती. इकडच्या काठावरून हाळी घातली की तिकडून होडी येई. होडी नको असेल तर पाण्याला वळसा घालून दोन तासांची पायवाट. मधली दोन वर्षं ती वाडी टोचायची राहून गेली होती. एकदा मी गेलो तर लोकांनी पोरं रानात लपवली होती. देवीला सुईने डिवचलं तर ती कोपते, अशी त्यांची धास्ती. शेवटी होडीवाल्याची आणि माझी ओळख वाढली. माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने वाडीला समजावलं आणि निरोप पाठवला की या, पोरं गोळा करतो.

नवरात्र होऊन गेलं होतं. पाऊस परत जाता जाता शेवटचा दणका देत होता. मुळशीला एसटीतून उतरलो तेव्हाच अंगात कणकण होती. होडीत बसल्यावर पावसाने असं झोडपलं की समोरचा काठ दिसेना. पिशवीच्या आत थेंब गेला नाही, पण बाहेरून ती पाणी पिऊन दुप्पट जड झाली. होडीवाल्याच्या घरी पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते. त्याच्या बायकोने काही न विचारता कोरडं धोतर दिलं, चुलीशी बसवलं आणि वाटीभर गरम पेज पुढे ठेवली. बाविशी-तेविशीची असेल. दिवस गेलेले होते, पोट दिसत होतं. चार वर्षांची एक मुलगी तिच्या पदराला धरून माझ्याकडे टक लावून बघत होती. पेज प्यायलो आणि पडवीत घोंगडीवर आडवा झालो. पिशवी डोक्याशी खुंटीला होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ते ठिबकणं ऐकत मला झोप लागली. डबी काढायची राहिली.

सकाळी जाग आली तेव्हा ताप उतरला होता आणि खुंटी रिकामी होती.

पिशवी चुलीवर होती. आमच्या त्या सगळ्या भागात चुलीच्या बरोब्बर वर, आढ्याला दोरांनी टांगलेली कामट्यांची एक ताटी असते. चार महिने जिथे भिंतीलाही बुरशी येते, तिथे घरातली तेवढीच जागा कोरडी. म्हणून जे जे जपायचं ते ताटीवर जातं. पुढच्या सालचं बियाणं, मीठ, काडेपेटी, मासे धरायचं जाळं. माझी पिशवी बियाण्याच्या गाडग्याशेजारी मानाने बसवलेली होती. खाली शेणकुटं धुमसत होती.

मी ती खाली काढली. खरं सांगायचं तर माझा हात आधी पट्ट्याकडे गेला. चामडं कडक झालं होतं, वाकवलं तर करकरलं. मला मोची आठवला. मग खिशात हात घातला. केळीचं पान चुरगळून गेलं होतं, फडकं खडखडीत वाळलं होतं, आणि डबी तापलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली.

ती भाकरी थापत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी झोपला व्हता, मग मीच ठिवली वर. लई गळत व्हती. चुलीवर ठिवलेलं कधी नासत न्हाई बगा. चांगली वाळली न्हवं?"

"छान वाळली, वैनी," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. म्हणता आलं असतं. लस तापली, वाया गेली, माझ्या चुकीने गेली, आठ दिवसांनी नवी घेऊन येतो. चार वाक्यं. पण अंगणात आवाज येत होते. होडीवाला उजाडताच घरोघर फिरून आला होता, आणि दहा-बारा पोरं आपापल्या आयांच्या कडेवर, पाठीमागे येऊन उभी होती. दोन वर्षं लपणारी वाडी स्वतःच्या पायांनी आली होती. आज परत पाठवली तर पुन्हा येईल का? शिवाय सगळ्याच नळ्या गेल्या असतील कशावरून? एखादी जिवंत असेल. असं मी मनाला समजावलं. शंका आली तर लस फेकून द्यावी, हे मला पक्कं माहीत होतं. मी टोचणी दिव्यावर धरली.

पहिली तिची मुलगी घेतली, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. तिने दंड पुढे केला आणि टोचत असताना माझ्या पिशवीकडेच बघत राहिली. रडली नाही. झाल्यावर म्हणाली, "मला त्यात बसू दे."

सामान बाहेरच काढलेलं होतं. मी तिला पिशवीत उभी केली, बगलेपर्यंत आत गेली, आणि पट्टे खांद्याला अडकवून उठलो. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ती माझ्या कानाशी तोंड आणून सांगत होती, "मला पौडाच्या बाजारात न्ये. तितं इक मला." तिची आई उंबऱ्यात उभी राहून हसत होती, बाया हसत होत्या, आणि तेवढ्यात पुढची पोरं न कुरकुरता टोचून झाली. फार काही वजन नव्हतं तिचं. मी त्या पिशवीतून आयुष्यभर ओझी वाहिली, पण खांद्याला आठवतं ते तेवढंच.

आठव्या दिवशी मी पाण्याच्या अलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो. ऊन पडलं होतं. हाळी घातली. पलीकडे होडी दिसत होती, माणूस नव्हतं. भातकापणी लागली होती, सगळे वर खाचरांत असणार. पुन्हा एकदा हाळी घातली, ती मुद्दामच जरा हळू. दोन तासांची पायवाट तिथेच, डाव्या हाताला होती. त्या दंडांवर काय दिसणार ते मला माहीत होतं, म्हणून मी त्या वाटेला लागलो नाही. एसटीत बसून परत आलो आणि वहीत त्या वाडीपुढे 'उठल्या' असं लिहिलं.

पुढे महिन्याभराने पौडच्या बाजारात होडीवाला भेटला. मी त्याला चुकवून जाणार होतो, चोराच्या मनात चांदणं, पण त्यानेच लांबून हात केला. खुशीत होता. म्हणाला, "तुमचा हात लई हलका हाय. येका पोराला ताप न्हाई का फोड न्हाई. पलीकडच्या वस्तीवर टोचलं तवा पोरं चार दिस तापानं फणफणली व्हती. आमच्यात समदी म्हंत्यात, ह्या डाक्टरवर देवीबाईची मर्जी हाय."

फोड न येणं म्हणजे लस वाया जाणं, हे त्याला कोण सांगणार? ते सांगायचा पगार मला मिळत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पोरगी कशी आहे विचारलं, आणि तिच्यासाठी रेवड्यांचा पुडा दिला. तो म्हणाला, ती अजून पिशवीचं नाव काढते.

त्या हिवाळ्यात मी पट्ट्यांना रोज तेल लावलं. चामडं हळूहळू पुन्हा मऊ झालं. मला त्याचं समाधान वाटत असे, हे लिहायलाही लाज वाटते.

चैत्रात साथ आली. दवाखान्यात निरोप आला तो एका ओळीचा होता: धरणापलीकडच्या वाडीत देवी, तीन पोरं आजारी. मी निघेपर्यंत दुसरा आला, की एक गेलं. कुठलं ते निरोप आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ते विचारायची गरज नव्हती, किंवा धीर नव्हता.

या वेळी हाळी घातल्याबरोबर होडी आली. होडीवाल्याने डोकं भादरलेलं होतं. तो वल्हं मारत पाण्याकडेच बघत होता. निम्म्या पाण्यात आल्यावर म्हणाला, "टोचून बी देवी आल्या. बाईच्या मनात आलं, मग कुनाचं काय चालतंय?" होडीला तळातून पाणी येत होतं. मी पिशवी मांडीवर घ्यायला विसरलो, तिचं बूड भिजलं.

दारावरचा कडुनिंबाचा डहाळा वाळून काळा पडला होता. आत ती चुलीशी बसली होती, मांडीवर दोन-अडीच महिन्यांचा मुलगा. पदराला धरायला आता कुणी नव्हतं. मला बघून उठली. डोळे कोरडे होते. घरात आलेल्या माणसाचं जे करायचं ते तिने केलं. पायांवर घ्यायला पाणी दिलं, गूळ पुढे ठेवला. मी अंगणात पाय धुवत होतो तेवढ्यात तिने मुलाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझी ओली पिशवी उचलली. मी वळून बघितलं तेव्हा ती चवड्यांवर उभी राहून ती ताटीवर ठेवत होती.

"तितं नको," मी ओरडलो.

ती दचकून थांबली. पिशवी तिच्या हातात तशीच अधांतरी राहिली. "का वं दादा? मागल्या येळंला तितंच ठिवली व्हती की. तुमीच म्हनाला, छान वाळली."

"लस हाय त्यात," मी म्हणालो. "ऊब लागली का मरती ती. मग टोचून काय उपेग न्हाई."

बोलून गेलो. आजतागायत मला कळलेलं नाही, की ते तोंडून निसटलं की मनावरचं ओझं मी मुद्दाम तिथे टाकलं. तिने पिशवी खाली घेतली आणि छातीशी धरली. वर ताटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. सावकाश तिच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलेलं मला दिसलं.

"म्हंजी त्या येळंला..." ती म्हणाली.

पुढचं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी माझी समजूत मी करून घेतली आहे. डबी काढून ठेवणं माझं काम होतं. ती हाताला गरम लागली होती, तरी मी टोचलं. आठव्या दिवशी काठावरून परत गेलो. वैनी, तुमी काय बी केलं न्हाई. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी खाली बघून पिशवीचं बक्कल सोडत राहिलो. ते सुटायला सोपं होतं, तरी बराच वेळ घेतला. तिने फक्त ताटी बघितली होती. बाकीचं तिला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करून दिलं नाही.

मग तिनेच माझ्या हातातून डबी घेतली. पाण्याच्या हंड्यांपाशी नेऊन ठेवली. एक फडकं भिजवून, पिळून, दोनदा घडी करून त्यावर घातलं, आणि ते सरकत तर नाही ना हे बोट लावून बघितलं. तेवढं झाल्यावर मुलाचा दंड उघडा करून माझ्यापुढे बसली. तो रडला, तेव्हा तिने त्याला घट्ट धरलं.

उरलेल्या सगळ्यांना टोचून मी परत आलो. आजारी दोघं जगली, तोंडावर वण घेऊन. आठव्या दिवशी मी हाळी घालत बसलो नाही. पाण्याला वळसा घालून दोन तास चालत गेलो. पिशवीत नुसती वही होती, तरी पट्टे खांद्यात रुतत होते. मुलाच्या दंडावर फोड आला होता, गोल, टपोरा, भोवती लाली, पुस्तकातल्या चित्रासारखा. मी तो बघितला आणि मला बरं वाटलं. बरं वाटल्याचा रागही आला.

उठताना सहज नजर वर गेली. चुलीवरची ताटी रिकामी होती. बियाण्याचं गाडगं, मिठाचं मडकं, जाळं, सगळं खाली उतरवून भिंतीलगत ओळीने मांडलं होतं. दोन महिन्यांत पाऊस लागणार होता, आणि त्या जमिनीला तेव्हा ओल सुटते. होडीवाला बाहेर होडीला डांबर लावत होता. त्याला तिने काही सांगितलं होतं की नाही, मला कळलं नाही.

ती माझी नजर बघत होती. त्या दिवशीचं तिचं पहिलं बोलणं तेच.

"दादा," ती म्हणाली, "मग बियानं कुटं ठिवू?"

"चुलीवरच ठेवा, वैनी," मी म्हणालो. "बियान्याला काय बी हुत न्हाई तितं."

"बरं," ती म्हणाली. आज्ञाधारक पोरीसारखी. माझ्या शब्दावर तिचा अजून विश्वास होता, आणि तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी पिशवी पाठीला लावली.

ती पिशवी अजून धड आहे. एक टाका उसवलेला नाही, पट्टे मऊ आहेत. त्या वाडीला मी पुढे अनेक वर्षं जात राहिलो. तो मुलगा मोठा झाला, होडी हाकायला लागला. दर वर्षी मी आत जाऊन पाणी मागायचो आणि पिताना वर बघायचो. तिने ताटीवर पुन्हा कधी काही ठेवलं नाही. बियाणं दर पावसाळ्यात तिच्या उशाशी असे, आणि दर वर्षी त्यातलं थोडं कुजत असे.